जिन्याचा पडदा

वाचनालयाच्या अंकासाठी, बाहेरून येऊन आपल्याकडे राहिलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहून द्या, असं ग्रंथपालांनी चारपाच जणांना सांगितलं. त्यात माझं नाव का घातलं ते त्यांनाच ठाऊक. मी आयुष्यभर फोटो काढले. लिहिलं ते पाकिटांवर, गिऱ्हाइकाचं नाव आणि फोटोचं माप, एवढंच. पण कंडक्टरबाईंची एक गोष्ट माझ्याशिवाय कोणाला नीट माहीत नाही, म्हणून लिहितो. चुकलंमाकलं तर ग्रंथपालांनी दुरुस्त करावं. मजकूर मात्र बदलू नये.

बाई आमच्याकडे आल्या त्या स्वतःच्याच बसमधून. नदीपलीकडच्या शहरात लढाई पेटली त्या दुपारी त्यांची गाडी नेहमीसारखी स्टेशनवरून हॉस्पिटलकडे निघाली होती. पुढचा रस्ता बंद झाला, मागचाही झाला. ड्रायव्हरने गाडी गल्लीबोळांतून बाहेर काढली आणि जो हात करील त्याला बाईंनी आत घेतलं. त्यांचं घर वाटेवरच होतं. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना दोघांनी खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. घराला कुलूप लावलं की नाही हे बाईंना पुढे कधीच आठवलं नाही. नवरा आधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. सासू आणि सून, एवढंच कुटुंब.

लढाईतून आलेल्या माणसांची सोय साबणाच्या बंद कारखान्यात केली होती. एकच लांबच लांब हॉल, वर पत्रा, खाली सिमेंट. दोनशे बारा कुटुंबं दोऱ्यांवर चादरी टाकून राहत होती. कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, तरी जमीन ओली झाली की साबणाचा वास यायचा. सासूबाईंना दमा होता. त्या म्हणायच्या, "आंघोळ नाही, पण वास तरी येतो."

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते कांबळी वाटण्याच्या दिवशी. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि वाटप करणारा कारकून रडकुंडीला आला होता. एवढ्यात खाकी कोट घातलेली, चाळिशीतली एक ठेंगणी बाई खोक्यावर चढली.

"आधी उतरणारे, मग चढणारे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हॉलच्या टोकापर्यंत गेला. "ज्यांना कांबळं मिळालं त्यांनी मागच्या दाराने बाहेर. आजोबा, दाराला लटकू नका. ताई, मूल कडेवर घ्या, दोघांची जागा एकीने अडवू नका. घाई कोणाला आहे? गाडी सुटणार नाहीये."

लोक हसले आणि रांग लागली. तिकिटं टोचायचा चिमटा बाईंच्या खिशात तसाच आला होता. कारकुनाने दिलेल्या कागदी बिल्ल्यांना त्या चिमट्याने भोक पाडून माणूस पुढे सोडू लागल्या. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या कंडक्टरबाई झाल्या. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने मी त्यांना कधी हाक मारली नाही.

पुढे एका दूरच्या देशाच्या सरकारने मदत पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या प्रत्येक वस्तूवर निळा कागद चिकटवलेला असे, म्हणून सगळ्यालाच लोक निळं म्हणू लागले. निळी ताडपत्री, निळा डबा. मग बातमी आली की निळ्या खोल्या येणार. भिंती, छप्पर, दार आणि शेगडी, सगळं सुटं ट्रकमधून यायचं आणि इथे जोडायचं. थंडीच्या आधी एकशे वीस, उरलेल्या थंडी संपल्यावर. आधी कोणाला आणि मागाहून कोणाला, ते त्या देशातले साहेब ठरवणार होते. प्रत्येक कुटुंबाचा एक फॉर्म आणि त्यावर एक फोटो, एवढ्यावरून. फोटो काढायचं काम मला मिळालं.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगावं लागेल. दुकान वडिलांचं. त्यांची शिस्त अशी की दुकानात आलेला माणूस आहे त्यापेक्षा वाईट दिसून बाहेर जाता कामा नये. त्यासाठी खुंटीवर एक पुरुषाचा कोट, एक बाईचा मरून लोकरी कोट, खोट्या मोत्यांची माळ, कंगवा आणि पावडरचा डबा कायम असे. बायकांचे केस नीट करायचं काम आधी आईचं होतं, नंतर ते माझ्या बायकोकडे आलं. मागे दोन पडदे. एक साधा राखाडी. दुसरा वडिलांनी स्वतः रंगवलेला. त्यात वर जाणारा जिना, लाकडी कठडा, पायऱ्यांवर कुंड्या आणि वर अर्धी उघडी खिडकी. एका पायरीचा रंग उडाला होता, तिथे मी खरी फुलदाणी ठेवत असे. फोटोत तो पडदा आहे हे ओळखून दाखवा, असं मी लोकांना अभिमानाने म्हणायचो.

निळ्यांच्या ऑफिसातून मला सूचनांचा एक कागद मिळाला होता. त्यातलं फोटोचं माप आणि किती प्रती, तेवढं मी वाचलं. कुटुंबाचा फोटो ते राहतात त्या जागी, आहे त्या स्थितीत काढावा, असंही त्यात होतं. ते मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी हॉलमध्ये उजेड नव्हता, मी दुकानातच बोलावलं असतं. आणि प्रत्येक फॉर्मखाली छापलेलं होतं, "फोटो राहत्या जागी काढला आहे." त्याखाली मी दोनशे बारा वेळा सही केली.

अकरा दिवस दुकानात जत्रा होती. लोक आनंदाने यायचे. कित्येकांनी घर सोडल्यापासून आरसा पाहिला नव्हता. कोणता पडदा हवा ते मी ज्याला त्याला विचारायचो. बहुतेकांनी साधा घेतला. एकेचाळीस कुटुंबांनी जिना घेतला.

बाई सासूबाईंना खुर्चीवर बसवून, दुसऱ्या दोघांच्या मदतीने घेऊन आल्या.

"आजी, मागे साधा पडदा लावू की जिन्याचा?" मी विचारलं.

"जिना कोणाच्या घरचा?"

"कोणाच्याच नाही, आजी. चित्र आहे."

"मग तोच लाव. चढायचा त्रास नाही."

"चला सासूबाई, जन्म तळमजल्यावर गेला, आता बंगल्यात," बाई म्हणाल्या.

माझ्या बायकोने बाईंचा खाकी कोट उतरवून मरून कोट चढवला, गळ्यात माळ घातली. बाईंनी आरशात स्वतःला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "वहिनी, ही कोण? हिला मी फुकट नेलं नसतं." मी म्हटलं, मान जरा वर. "ती वरच असते, भाऊ. खाली घातली तर पुढचा स्टॉप कोण बघणार?"

तो फोटो माझ्या चांगल्या फोटोंपैकी आहे. आजही म्हणतो.

दीड महिन्याने कारखान्याच्या फाटकावर यादी लागली. एकेचाळीस नावांपुढे एकच शेरा होता. राहण्याची सोय असल्याचे दिसते, सबब नंतर विचार व्हावा. हरकत घ्यायला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत होती.

बाई दुकानात आल्या त्या हसतच.

"भाऊ, आमचं दुमजली घर तिकडच्या साहेबांना फार आवडलेलं दिसतं. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते तरी विचार."

मीही हसलो. मग त्यांनी नीट सांगितलं. त्या ऑफिसात जाऊन आल्या होत्या. तो पडदा आहे, असं कारकुनाला परोपरीने सांगितलं होतं. कारकून म्हणाला, इथे फोटोग्राफरची सही आहे, राहत्या जागी काढला म्हणून. त्याने येऊन दोन ओळी लिहून दिल्या तर एकेचाळीसही नावं पहिल्या यादीत घेता येतील. तुमच्या सांगण्यावर नाही.

"एवढंच ना? उद्या जातो," मी म्हणालो.

"तुम्हाला घाई करत नाही, पण माझी एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "शनिवारी माझी बहीण ट्रक घेऊन येतेय. तिच्याकडे एकच खोली, त्यात चार मुलं. पण भिंती आहेत, चूल आहे. ही फेरी चुकली की डोंगरातला रस्ता थंडी सरेपर्यंत बंद. दोन दिवसांचा धक्क्यांचा प्रवास म्हातारीला झेपेल की नाही, देव जाणे. इथे खोली मिळणार असेल तर मी हलत नाही. नसेल तर जाते. या हॉलमध्ये थंडी काढली तर ती काही उठायची नाही. म्हणून शनिवारच्या आत मला हो की नाही कळायला हवं."

"कळेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. इथल्या ऑफिसचे साहेब फोनवर होते. ताडपत्र्या पोचवल्या असं लिहून सही करणाऱ्या, आणि न पोचवणाऱ्या कोणा कंत्राटदाराबद्दल बोलणं चाललं होतं. "खोटी सही ती खोटी सही," साहेब सांगत होते. "परदेशी सरकारचं काम आहे हे, घरचं कार्य नव्हे. त्याला आत टाकायला लावीन." त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "बोला फोटोवाले."

दोनशे बारा सह्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. "कोरे फॉर्म संपत आलेत," मी म्हणालो.

साहेबांनी फॉर्मांचा गठ्ठा दिला. मी आभार मानून बाहेर आलो. फॉर्म मला नकोच होते. काम संपलं होतं.

बाई फाटकाजवळ त्यांच्या बसच्या पायरीवर बसल्या होत्या. ड्रायव्हर आपली माणसं आणायला म्हणून चालत परत गेला होता, तो आला नव्हता. बस तिथेच उभी असे आणि बाई रोज तिची काच पुसत. मला पाहून त्या उठल्या.

"सांगितलंत?"

नाही म्हणायला जीभ वळवली होती. तोंडातून निघालं, "सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले." मग त्यांचा चेहरा पाहून मी आणखी म्हणालो, "होईल."

"जीव भांड्यात पडला, भाऊ," त्या म्हणाल्या आणि सासूबाईंना सांगायला आत गेल्या. बाकीच्या चाळीस घरांनाही त्यांनीच सांगितलं असणार.

मी मनाला समजावलं की अजून सोमवार आहे. जाईन, सांगेन, म्हणजे आधी बोललेलं खरंच होईल. शनिवारी ट्रक आला. दुकानासमोरूनच रस्ता जातो. बहीण पुढे बसली होती, बाईंसारखीच ठेंगणी. तासाभराने ट्रक परत गेला तेव्हा मागे फक्त रिकामी पोती होती. मी काउंटरखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकलो. सोमवारी दुकान बंद करून निघालो. ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर चहावाला आहे, तिथे बसलो. दोन चहा घेतले. पाच वाजले, ऑफिस बंद झालं, मी घरी आलो. बायकोने विचारलं, "झालं का बाईंचं?" मी म्हटलं, होतंय.

पक्की यादी लागली त्यात एकेचाळीसपैकी एकही नाव नव्हतं.

बाई आल्या तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. त्या फोटो काढायच्या स्टुलावर बसल्या. मागे जिन्याचाच पडदा होता. तो बाजूला सारावा असं मला वाटलं, पण मी जागचा हललो नाही.

"कारकून म्हणाला, फोटोवाले आले होते, पण पडद्याबद्दल काही बोलले नाहीत. मी म्हटलं, तुझा गैरसमज असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याचा गैरसमज आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काय बोललात तिथे?"

"कोरे फॉर्म मागितले."

हे ऐकून त्या हसतील असं मला एक क्षण वाटलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हाताच्या पंजाकडे बघत म्हणाल्या, "तिकीट न काढलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. खिडकीबाहेर बघत असतो. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलत होतात आणि बसच्या चाकाकडे बघत होतात. मला कळायला हवं होतं. चौदा वर्षं हेच काम केलं."

"बाई, चूक माझी आहे."

"ती आहेच. मी ट्रक परत पाठवला, ती माझी." त्या उठल्या. "निदान घाबरलो म्हणाला असतात तर मी तुमच्याबरोबर आले असते. हात धरून आत नेलं असतं. रोज म्हाताऱ्या माणसांना नेतेच की."

आतल्या दारात माझी बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत निघून गेली आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन साहेबांसमोर दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, हे आठ दिवसांपूर्वी का नाही दिलंत? एका फोनचं काम होतं. आता तिकडून ट्रक निघाले." एवढंच. आत टाकायचं नाव नाही. पडद्याची सही आणि ताडपत्रीची सही यांत त्यांना फरक वाटत होता, आणि मला तो विचारायचं सुचलं नव्हतं. एकेचाळीस नावं दुसऱ्या खेपेत सगळ्यांत वर घालतो, असं त्यांनी माझ्यासमोर लिहिलं.

ती थंडी मी विसरलेलो नाही. हॉलच्या पत्र्याला सकाळी आतून थेंब लोंबत. बाईंनी बसमधल्या सीटांच्या गाद्या काढून म्हातारीच्या खाली घातल्या, चादरींऐवजी तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. तरी खोकला फाटकापर्यंत ऐकू यायचा. दोनदा म्हातारीला हॉस्पिटलात न्यावं लागलं. माझ्या बायकोने मरून कोट नेऊन दिला. बाईंनी तो घेतला, म्हातारीच्या अंगावर घातला आणि थंडी संपताच धुऊन, इस्त्री करून परत केला. बायको एकदा मला म्हणाली की आपली आतली खोली त्यांना देऊ. मी म्हटलं, देऊ, विचारतो. आणि मी विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारायचं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की रोज सकाळी उठून त्या बाईंचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती.

बाई रस्त्यात भेटल्या की "बरं आहे ना भाऊ?" असं विचारायच्या. तेही टाळलं असतं त्यांनी तर मला सोपं गेलं असतं.

थंडी संपता संपता दुसरी खेप आली. म्हातारी जगली होती. वाळून अर्धी झाली होती, पण जगली. खोली मिळाल्यावर आठवड्याने बाईंनीच निरोप पाठवला, म्हणून आम्ही नवराबायको गेलो. कारखान्यामागच्या मैदानात निळी दारं ओळीने उभी होती. आत खोली चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. शेगडी, तिच्यावर किटली, भिंतीशी दोन बाजा. म्हातारी तिच्या त्या खुर्चीत बसली होती. शेजारच्या दोन बाया आल्या होत्या. आम्हाला बाजेवर बसवलं.

म्हातारीने माझा हात धरला तो सोडेना. शेजारणींना सांगू लागली, "हे फोटोवाले. यांच्यामुळे मिळाली बरं का खोली. हे स्वतः साहेबांकडे गेले, लिहून दिलं, म्हणून एकेचाळीस घरं झाली. नाहीतर आपली नावं कोण घेतंय?"

शेजारणींनी मान डोलावली. एक म्हणाली, "असं परक्यासाठी कोण करतं हल्ली."

म्हणजे बाईंनी सासूला काही सांगितलं नव्हतं. सबंध थंडी नाही, हॉस्पिटलात नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या शेगडीपाशी पाठमोऱ्या होत्या, किटली उचलत होत्या. बायकोने जमिनीकडे नजर लावली.

"नाही आजी," मी म्हणालो. "तसं नाही ते. मी—"

बाई वळल्या. माझ्या हातात कप दिला. "चहा घ्या, भाऊ, गार होईल," त्या हळूच म्हणाल्या. "तिला आता आनंदात राहू द्या."

खरं सांगायचं तर मी थांबायला नको होतं. पण मला थांबायचंच होतं, आणि बाईंनी ते ओळखलं होतं. म्हातारी हात कुरवाळत राहिली. मी तो चहा प्यालो. वर शेजारणीने विचारलं, आणखी घेणार का, तर हो म्हणालो.